पॉइंट वर घेतलेत

इंगवले म्हणाला, काका, घर दाखवायचं म्हणजे
वडगावच्या बाजारात म्हैस न्यायची.
शिंगं घासायची, अंगाला तेल,
आदल्या रात्री धार काढायची न्हाई,
कास भरलेली दिसली पायजे.
बाकीचं मी बोलतो. तुम्ही गप्प बसायचं.

आधी वास बंद केला.
इंदूनं चटणीचं कांडप नणंदेकडं हलवलं.
गिऱ्हाईक कुठलं येईल सांगता येत न्हाई, काका,
कांदा-लसूण चालंल न चालंल.
गॅसवर पातेल्यात दालचिनी उकळत ठेवली.
तीन दिवस घरात चहा पिताना
कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलमध्ये बसल्यागत वाटायचं.

देव्हारा राहू दे म्हणाला, देव कमी करा.
जोतिबा, यल्लमा, इंदूच्या माहेरचा बिरोबा
आणि एक कुणाचा ते आता आठवत नाही असा टाक
फडक्यात गुंडाळून स्कूटीच्या डिकीत घातले.
नाक्यावरच्या स्पीडब्रेकरला मागं खडखडले,
मी सवयीनं हात जोडले
आणि हॅन्डल सुटलं.

शाहूपुरीतून सोफा आणला, भाड्याचा,
दिवसाला साडेतीनशे.
त्याच्यावर बसायचं नाही असं ठरलं.
संध्याकाळी आम्ही दोघं खाली, भिंतीला टेकून,
समोर सोफा,
पाहुणा आलाय आणि काही बोलत नाही असा.

भिंत दिलशादकडं दिली.
एकोणीसची रेघ माझ्या छातीला,
एकवीसची चार बोटं वर.
दोन्हींवर इंदूनं निळ्या पेन्सिलीनं तारीख घातलेली.
त्यानं खरवडलं, पुट्टी भरली, आयव्हरीचे दोन हात मारले,
मग अंगठ्यानं दाबून बघितलं.
हितं आत अजून ओल हाय, काका.
आता दडपतोय. श्रावणाच्या आत विकून टाका.

रविवारी मुजावर बाई आल्या.
सीपीआरला नर्स. नवरा खाली गाडीला जागा शोधत होता.
सोफा बघितला नाही.
दालचिनीचं काही म्हणाल्या नाहीत.
खोलीच्या मधोमध उभ्या राहून भिंतीकडं बघत राहिल्या,
जिथं आता काहीच नव्हतं.
प्लग एवढे वर कशाला हो?

इंगवले तयारच होता.
लहान लेकरांसाठी, ताई. शॉक लागू नये म्हणून.

रेघ पुसली होती आम्ही.
पॉइंट वर घेतलेत हे विसरलो होतो.
टीव्हीचा, फ्रीजचा, मिक्सरचा, इंदूच्या शिलाई मशीनचा,
घरभर एका ओळीत, खांद्याएवढे,
आणि आयव्हरीवर नवीन असल्यागत
उठून दिसत होते.

बाई हसल्या नाहीत.
माझं माहेर चिखलीचं, म्हणाल्या. आमच्यात पण असेच आहेत.
मग इंगवलेकडं पाठ करून, मला,
वॉर्डात पेशंटला विचारावं तसं हळू:
किती वेळ मिळतो?

मी गप्प बसायचं ठरलं होतं.
म्हटलं, बंधारा एकोणचाळीसला गेला
की गाडी काढून वर कुठंतरी लावा.
त्रेचाळीसची वाट बघू नका.
पाणी दारातनं येत नाही, आधी संडासातनं येतं,
भांड्यावर वाळूची पोती टाका.
गाद्या माळ्यावर. सिलिंडर बांधून ठेवा, तरंगतो.
तिसऱ्या मजल्यावर पाटणकर आहेत,
त्यांना विचारावं लागत नाही.

इंदू आतून आली, दालचिनीचा गॅस बंद करून.
दोन दिवस, म्हणाली. नाहीतर दीड, रात्र धरून.
मांजर असलं तर ते आधी.

इंगवले गॅलरीत
फोन कानाला लावून उभा होता.
रिंग वाजलेली मी तरी ऐकली नाही.

मुजावर बाई सोफ्यावर बसल्या, टेकून, नीट.
पर्समधून औषधाची पावती काढली,
पाठकोरी केली.
एकोणचाळीस म्हणालात ना?